पहाटेचे फोन: निरोपपेटीच्या कामाच्या नोंदी

सोमवार, ३० सप्टेंबर २०२४

आमचे मालक अण्णा, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत काम सांगितलं. "रात्री-पहाटे येणारे फोन कुठं जातात ते बघ." कुठंच जात नाहीत. वाजतात आणि थांबतात.

पुढं कोणी वाचलं तर कळावं म्हणून थोडी पार्श्वभूमी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे चालणारे फवारणीचे ब्लोअर आम्ही बनवतो आणि दुरुस्त करतो. ऑफिस साडेनऊला उघडतं. बागायतदार फवारतो पहाटे, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि औषध पानावर बसतं. म्हणजे ब्लोअर बंद पडायचा तो पहाटेच. आता गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली आहे, महिनाभर डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं कोणाला झोप नाही, आणि आमचा फोन साडेनऊपर्यंत मुका.

गेल्या वर्षी फोन सरळ सर्व्हिसच्या ताईंच्या मोबाइलवर वळवला होता. तीन आठवड्यांत ताईंनी तो बंद करायला लावला. "मी काय सुईण आहे का, कधीही उठवायला?" रास्त आहे.

नंबर बदलायचा प्रश्नच नाही. तो गेली वीसेक वर्षं प्रत्येक ब्लोअरच्या टाकीवर रंगवलेला आहे. तांब्याच्या तारेवरच्या दोन जुन्या लँडलाइन, त्यांच्यावरच निरोपपेटी बसवायची, म्हणजे कोणी उचललं नाही तर निरोप टिपून ठेवणारं व्हॉइसमेल.

मंगळवार, १ ऑक्टोबर

स्टोअरमधला बाद झालेला पीसी पुसून घेतला, त्यात चार लाइन घेणारं कार्ड बसवलं आणि त्यावर ॲस्टरिस्क चढवलं. मार्क स्पेन्सर यानं १९९९ मध्ये लिहिलेलं हे टेलिफोन एक्स्चेंजचं मोफत सॉफ्टवेअर. त्यातल्या व्हॉइसमेलच्या भागाचं नाव कॉमेडियन मेल आहे. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पैसे मागत नाही ना? मग असू दे कॉमेडियन."

चार पेट्या केल्या. २०० सर्वांची, २०१ सर्व्हिस, २०२ स्पेअर पार्ट, २०३ हिशेब म्हणजे मी. आपली पेटी ऐकायला *९७, दुसऱ्या टेबलावरून ऐकायची असेल तर *९८ आणि मग पेटीचा नंबर. आत गेल्यावर ० दाबलं की पेटी आपलीशी करायची जागा येते. १ वर कोणी उचलत नाही तेव्हाचा संदेश, २ वर लाइन गुंतलेली असतानाचा, ३ वर आपलं नाव, ४ वर तात्पुरता संदेश, ५ वर पासवर्ड. हा कागद चार प्रती काढून प्रत्येक फोनखाली चिकटवला.

पासवर्ड आधी पेटीच्याच नंबराचा ठेवला. तसा असला की मशीन त्या माणसाला नवीन समजतं, आणि आपलं नाव रेकॉर्ड केल्याशिवाय पुढं सोडत नाही (हे सेटिंग चालू करावं लागतं). लगेच बदला असं सगळ्यांना बजावलं. स्टोअरच्या भाऊंनी १२३४ ठेवला. परत बदलायला लावला. पेटीच्या आतून बाहेर फोन लावायची एक सोय असते, ती पूर्ण बंद ठेवली आहे. पासवर्ड फुटला तर आमच्या बिलावर कोणी परदेशात गप्पा मारायला नको.

किती वेळ वाजू द्यायचं? आपल्याकडची रिंग म्हणजे ट्रिंग-ट्रिंग आणि मग शांतता, सगळी मिळून तीन सेकंदांची फेरी. दिवसा आठ फेऱ्या, म्हणजे २४ सेकंद. रात्री दोनच. आत कोणी नाही हे आपल्याला माहीत असताना माणसाला उगाच ताटकळत का ठेवायचं?

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घटस्थापना. निम्मे लोक उशिरा आले. मी मात्र पेटीत सात निरोप आलेत म्हणून हरखून गेलो होतो. सातही बरोबर तीन मिनिटांचे. सातही एकच: टूं… टूं… टूं… टूं.

फोन करणाऱ्यानं रेकॉर्डिंग सुरू झालेलं ऐकून फोन ठेवला, आणि मशीन पुढची तीन मिनिटं एंगेज टोन टिपत बसलं. तीन मिनिटं ही मीच घातलेली कमाल मर्यादा, नाहीतर सकाळपर्यंत चाललं असतं. शांतता पसरली की रेकॉर्डिंग थांबवायची सोय आहे, पण टूं-टूं म्हणजे शांतता नव्हे. मधल्या काळात ती लाइन अडकलेली, म्हणजे खरा फोन आला तरी त्याला गुंतलेली लागणार.

यावर चार तास गेले, पण दुखणं समजलं. अमेरिकेत समोरच्यानं फोन ठेवला की लाइनवरचा प्रवाह क्षणभर तुटतो आणि त्यावरून यंत्राला कळतं. सॉफ्टवेअर तिथल्या सवयीवर वाढलेलं. आमच्या लाइनवर तसलं काही येत नाही, फक्त टोन येतो. आणि टोनही वेगळा. तिकडचा दोन सूर मिळून, ४८० आणि ६२० हर्ट्झचा, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. आपला एकाच सुराचा, ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. मशीन अमेरिकन टोनची वाट पाहत नाशिकचा टोन रेकॉर्ड करत होतं.

देश भारत केला, एंगेज टोन ओळखण्याची सोय चालू केली, नमुना ७५०-७५० दिला, आणि असे चार ठोके सलग आले की फोन ठेवायचा असं सांगितलं. चार ठोके म्हणजे सहा सेकंद. निरोपाच्या शेवटी तेवढी टूं-टूं राहते, राहू दे. दोन ठोक्यांवर ठेवून पाहिलं होतं, तर मागे पंप ठोकत असताना मीच बोलत होतो आणि फोन कट झाला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

फोन करणाऱ्याचा नंबर येत नव्हता, तो आज आला. आमच्या लाइनवर तो पहिल्या रिंगच्या आधी, बटणं दाबल्यासारख्या सुरांतून येतो, आणि तो येणार याची खूण म्हणजे लाइनची उलटसुलट होणारी पोलॅरिटी, म्हणजे तारांच्या धन-ऋण बाजूंची अदलाबदल. कार्डाच्या सेटिंगच्या यादीत यासाठी खास भारताच्या नावाचा पर्याय आहे. मी तो दोन दिवस वाचून पुढं जात होतो.

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमची पेटी अजून इंग्रजीत "प्रेस द पाउंड की" म्हणते. पाउंड की म्हणजे हॅश हे मला शोधावं लागलं, तर मोहाडीच्या बागेत उभ्या माणसाला काय कळणार? सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या आवाजांत फ्रेंच आहे, जपानी आहे, मराठी नाही. उद्या आपणच करू.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आजचा दिवस मराठीचा.

आवाज ताईंचा, जागा स्टोअर. तिथं फवारणीच्या होजची भेंडोळी छतापर्यंत रचलेली आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही. ऑफिसात घेतलेलं रेकॉर्डिंग विहिरीतून बोलल्यासारखं येत होतं. कॉम्प्रेसर एक तास बंद ठेवायला अण्णांची परवानगी घेतली. मोबाइलवर रेकॉर्ड करून मग फाइली मशीनला लागतात तशा केल्या: एकच चॅनेल, सेकंदाला ८००० नमुने, १६ बिट. फोनवर त्याहून जास्त दर्जा पोचतच नाही.

आधी शब्दावर वाद. मेसेज, संदेश की निरोप? ताई म्हणाल्या, "निरोप म्हणजे जायचा पण असतो की. रिटायर झाल्यासारखं वाटतं." स्टोअरचे भाऊ म्हणाले मेसेज म्हणा, सगळ्यांना कळतं. मी निरोपावर अडून बसलो. एक कारण भाषेचं, दुसरं आळसाचं: इंग्रजीत एक मेसेज आणि अनेक मेसेज यांच्या दोन फाइली लागतात, आपल्याकडे एक निरोप, दहा निरोप, शब्द तोच. एकच फाइल दोनदा चिकटवली.

वाक्याचा क्रमही मशीननं ठरवलेला. "तुमच्याकडे आहेत", मग आकडा, मग "नवीन", मग "निरोप". तसं केलं तर कीर्तनकार बोलल्यासारखं वाटतं. मग क्रियापद काढूनच टाकलं. "तुमच्यासाठी… तीन… नवीन… निरोप." पहिल्या फटक्यात जमलं.

खरी मजा आकड्यांची. शून्य ते वीस, मग तीस, चाळीस असे दहाचे टप्पे ताईंनी म्हटले आणि मी फाइली टाकल्या. चाचणीसाठी पेटीत तेवीस निरोप कोंबले. मशीन म्हणालं, "वीस तीन." इंग्रजीत ट्वेंटी आणि थ्री जोडले की झालं, तोच हिशेब त्यानं मराठीला लावला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात असंच वीस तीन, साठ तीन आलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता! ताई म्हणाल्या, "माझा मुलगा तेव्हा दुसरीतच होता. घरी भांडून तेवीस शिकवलं मी त्याला. आता माझ्याच आवाजात वीस तीन ऐकू का?"

म्हणून एकवीस ते नव्याण्णव, प्रत्येक आकडा सुटा. पेटीत निरोपांची मर्यादा १०० आहे, तेव्हा पुढं जायची गरज नाही. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या रांगेत ताई तीनदा अडल्या, आणि ब्याऐंशी की ब्यांशी यावर दारात उभ्या दोन मेकॅनिकांनी मतं दिली. ती मतंही रेकॉर्ड झाली आहेत, ठेवून दिली. मग आकडे बोलण्याच्या नियमांच्या फाइलीत मराठीचा कप्पा करून सांगितलं की बाबा, शंभरच्या आत काही जोडू नकोस, आहे ती फाइल वाजव. "तुमच्यासाठी तेवीस नवीन निरोप." ताईंनी टाळी वाजवली.

निरोपाआधी तारीख-वेळ बोलायची सोय बंद केली. साडेपाच, सव्वापाच, पावणेसहा याच्यासाठी आणखी एक शनिवार घालवायची माझी तयारी नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

अण्णांचा आग्रह की संदेश मालकाच्या आवाजात हवा. केला. कंपनीची स्थापना, ब्लोअरची सगळी मॉडेलं, दिंडोरीच्या कृषी प्रदर्शनातला सत्कार, "आपला विश्वास हीच आमची पुंजी", आणि मग निरोप ठेवा. एक मिनिट दहा सेकंद. रविवारी लावला होता. अकरा फोन आले, नऊ जणांनी बीपच्या आधीच ठेवला, एक निरोप कोरा, आणि एक अण्णांच्या साडूंचा: "आवाज छान आला आहे."

आकडे अण्णांच्या समोर ठेवले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताईंचा लाव."

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ताईंचा पहिला संदेश: "नमस्कार. … सर्व्हिस विभागात सध्या कोणी उपलब्ध नाही. कृपया बीपनंतर आपला निरोप ठेवावा."

पहाटे आलेले निरोप इथं जसेच्या तसे लिहितो.

एक: "…मग कधी येता? हॅलो?"

दोन: "…तेच म्हणतोय मी. हॅलो. हॅलो. ए, कट झाला वाटतं रे."

तीन: (ट्रॅक्टरचा आवाज, चाळीस सेकंद) "पाटील, बोलतच नाहीत त्या."

चार: "ताई रागावल्या का?"

मी आणि ताईंनी हे चारचारदा ऐकलं. हसून झाल्यावर कळलं की लोक बोलत होते, पण बीपच्या आधी. ताईंनी "नमस्कार" म्हणून श्वास घेतला. त्या दोन सेकंदांच्या जागेत ओळखीचा माणूस आपलं सगळं सांगून मोकळा झाला, कारण समोर ताई आहेत आणि नमस्काराला उत्तर द्यायचं असतं. संदेशाचं बाकीचं त्याच्या बोलण्याखाली दबलं. रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे एकच प्रश्न उरला होता.

अण्णांच्या संदेशात लोक कंटाळून फोन ठेवत होते. ताईंच्या संदेशात ते फसले. आवाज ओळखीचा असणं चांगलंच, पण मग पहिल्याच शब्दात सांगायला हवं की हे रेकॉर्डिंग आहे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दोन दिवस एका परिच्छेदावर. ताई, मी आणि जुने मेकॅनिक मामा.

मामांनी कळीची गोष्ट सांगितली: "नावाआधी गाव विचारा." आमच्या दोन गाड्या. एक दिंडोरी-वणी बाजूला जाते, दुसरी ओझर-पिंपळगाव-निफाडकडे. गाव कळलं की गाडी ठरली, बाकीचं वाटेत विचारता येतं. "निरोप ठेवा" म्हटलं की माणूस गोंधळतो, काय ठेवू? विचारलं की मात्र उत्तर देतो. नंबर आपोआप येतो, पण बागेत बऱ्याचदा मुलाचा किंवा ड्रायव्हरचा मोबाइल हातात असतो, म्हणून तेही विचारायचं.

सगळ्यात जास्त वाद वेळेवर. "लवकरच संपर्क साधू" हे मला काढायचं होतं. मामा म्हणाले, लवकरच म्हणजे कधीच नाही हे शेतकऱ्याला विजेच्या ऑफिसनं शिकवलंय. वेळ सांगायची. पण ती पाळणार कोण? ताई म्हणाल्या, साडेसातला घरून मी निरोप ऐकेन, आठला फोन करेन, पण साडेनऊऐवजी साडेदहाला येईन आणि सीझनचा वेगळा भत्ता. अण्णा "बघू" म्हणाले. ताई म्हणाल्या, मग मीही आवाजाचं बघते. दुपारी चहाच्या वेळी ठरलं.

शेवटचा मजकूर, चौदा सेकंद:

"हे रेकॉर्डिंग आहे, मी सर्व्हिसची ताई. बीप वाजला की तुमचं गाव सांगा, नाव सांगा, ब्लोअरला काय झालं ते सांगा. दुसऱ्या नंबरवर फोन हवा असेल तर तोही सांगा. सकाळी आठपर्यंत मी फोन करते."

मध्ये कुठंही श्वास नाही. ताईंनी सात वेळा म्हटला. "कृपया" काढल्यावर त्यांना उद्धट वाटत होतं, ऐकल्यावर वाटेनासं झालं. याच्यानंतर मशीन स्वतःची सूचना इंग्रजीत जोडत होतं. व्हॉइसमेलला फोन देताना एक अक्षर जोडलं की ती गाळली जाते.

तीन सेकंदांहून छोटे निरोप आपोआप टाकून द्यायला लावले. शांततेची मर्यादा त्याहून कमी ठेवावी लागते, नाहीतर कोरे निरोप साठतात. ती दोन सेकंद केली आणि दुपारी परत दहा केली, कारण लोक विचार करायला थांबतात. चार कोरे निरोप पुसणं परवडलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. लेथ, वेल्डिंग मशीन, गाड्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. पीसीलाही हार घातला. पंख्याच्या जाळीत पाकळ्या गेल्या, हार उतरवून स्क्रीनवर टांगला.

चार नंबरवरचा तात्पुरता संदेश वापरला: आज दसरा, सोमवारी सकाळी आठला फोन करते. तो असेपर्यंत बाकीचे संदेश मुके होतात.

सोमवार, १४ ऑक्टोबर

तो काढायचा राहिला. आज दुपारी बारापर्यंत आमच्या फोनवर दसराच चालू होता. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, "ताई, सोनं वाटून झालं, आता नोझल पाठवा." तात्पुरता संदेश चालू आहे याची पेटी उघडताना आठवण करून देणारं सेटिंग असतं, ते आता चालू केलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

रात्री सरी येऊन गेल्या. सरी आल्या की पहाटे सगळे एकदम फवारायला निघतात. पहाटे चार ते साडेसात: चौदा फोन, अकरा निरोप, त्यातले नऊ पहिल्या खेपेला कळणारे. गाव, नाव, दुखणं. "कसबे सुकेणे. पीटीओ शाफ्ट तुटला." एवढंच, सहा सेकंद. मामांनी डोळे मिचकावले.

ताईंनी सहा जणांना आठच्या आत फोन केला, पाच जणांना सव्वाआठ झाले. हे मी लिहितोय, कारण ताईंनीच लिहायला सांगितलं.

निरोप इमेलवर जोडून जातात, पण इमेल पाहतो कोण? आता छोटा प्रोग्राम लिहून ती फाइल ताईंच्या मोबाइलवर पोचवतो. सुरुवातीला फाइल दाबलेल्या प्रकारात ठेवली होती, दहावा भाग जागा लागते. ती ताईंच्या फोनवर वाजलीच नाही. साधी ठेवली. मिनिटाला एक एमबीच्या आसपास, आणि निरोप सरासरी वीस सेकंदांचा. जागेची काळजी नको होती.

फोनवरचा निरोपाचा लाल दिवा फक्त ताईंच्या टेबलावरच्या फोनला आहे. त्यावर त्यांनी हळदीकुंकवाचं बोट लावलंय. दसऱ्याचं असेल.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

स्पेअर पार्टची पेटी कोणी ऐकत नाही. भाऊंनी संदेशात स्वतःचा मोबाइल नंबर सांगून टाकला आणि झालं, लोक तिथंच करतात. त्यांना चालतंय तर २०२ बंद करतो. माझ्या २०३ मध्ये आजवर दोन निरोप, दोन्ही बँकेच्या कर्जाची जाहिरात.

२०० आणि २०१ चालू. ऐकलेले निरोप तीस दिवसांनी पुसायचे.

बाकी: सोमवारी, २८ तारखेला वसुबारस, त्या संध्याकाळी दिवाळीचा तात्पुरता संदेश लावणे. काढणे ४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी सात. तारीख फळ्यावर लिहिली आहे, ताईंच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.